विश्लेषण : नाताळच्या शुभेच्छापत्रांतून वैद्यकीय संशोधनाला खरोखर किती मदत होते?

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर उजाडला की दुकानांत नाताळच्या शुभेच्छापत्रांचे संच दिसू लागतात. त्यांतल्या अनेकांच्या मागे एखाद्या धर्मादाय संस्थेचे बोधचिन्ह असते. कर्करोग, हृदयविकार, स्मृतिभ्रंश, कंपवात असे आजार आणि त्यांवर संशोधन करणाऱ्या वा करवून घेणाऱ्या संस्था. ‘हे कार्ड घ्या, संशोधनाला हातभार लावा’ असा त्याचा सरळ अर्थ. शुभेच्छाही पोहोचल्या आणि पुण्यही पदरी पडले, असा हा दुहेरी व्यवहार. पण कार्डासाठी मोजलेल्या पैशांतले प्रयोगशाळेपर्यंत किती पोहोचतात, हे खरेदी करणाऱ्यांपैकी फार थोडे जण पाहतात. टपालखर्च वाढत असताना आणि कार्ड पाठवण्याची पद्धतच मागे पडत असताना हा हिशेब मांडणे गरजेचे झाले आहे.

शुभेच्छापत्र आणि दानाचे नाते किती जुने?

हे नाते पहिल्या कार्डाइतकेच जुने आहे. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये एक पेनीत पत्र पाठवण्याची सोय झाली. त्या सुधारणेसाठी झटलेल्यांपैकी एक सरकारी अधिकारी होते हेन्री कोल. नाताळात येणाऱ्या पत्रांना उत्तरे लिहिणे त्यांना जड जाऊ लागले, तेव्हा १८४३ मध्ये त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक कार्ड तयार करून घेतले आणि उरलेली कार्डे एक शिलिंगाला विकायला ठेवली. नाताळचे पहिले व्यापारी शुभेच्छापत्र ते हेच.

त्या कार्डाच्या मधोमध मेजवानीला बसलेले कुटुंब होते. दोन्ही बाजूंच्या चौकटींत मात्र गरिबांना अन्न आणि वस्त्र देणारी माणसे दाखवली होती. टीका झाली ती वेगळ्याच कारणाने. चित्रात एका लहान मुलाच्या ओठांना मद्याचा पेला लावलेला होता आणि दारूबंदीवाल्यांना ते खपले नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चार्ल्स डिकन्स यांचे ‘अ ख्रिसमस कॅरोल’ प्रसिद्ध झाले आणि कंजूष स्क्रूज घराघरांत पोहोचला. नाताळ म्हणजे देण्याचा सण, ही व्हिक्टोरिया राणीच्या काळातली समजूत या दोन्हींतून पक्की होत गेली.

आजारांशी हा धागा कसा जुळला?

त्यासाठी डेन्मार्कला जावे लागते. आयनार होल्बॉल हे टपाल खात्यातले कर्मचारी. नाताळात पत्रांचे ढीग हाताळताना त्यांच्या मनात आले की, प्रत्येक पत्रावर नेहमीच्या तिकिटाशेजारी आणखी एक स्वस्त, शोभेचे तिकीट लावले आणि त्याचे पैसे क्षयग्रस्त मुलांच्या रुग्णालयासाठी वापरले तर? राजाने परवानगी दिली. १९०४ च्या पहिल्याच नाताळात अशी ४० लाखांहून अधिक तिकिटे विकली गेली. १९०७ मध्ये अमेरिकेत एमिली बिसेल यांनी हीच युक्ती वापरली. त्यांना डेलावेअरमधील एका क्षयरोग आरोग्यधामासाठी ३०० डॉलर हवे होते. जमले सुमारे तीन हजार.

भारतातही हे लोण आले. ट्युबरक्युलोसिस असोसिएशन ऑफ इंडियाची ‘टीबी सील’ मोहीम १९५० पासून गांधी जयंतीला सुरू होत आली आहे. शाळेत वाटलेली ती छोटी रंगीत तिकिटे आणि त्यांसाठी घरून आणलेली नाणी महाराष्ट्रातल्याही अनेक पिढ्यांना आठवत असतील.

शुभेच्छापत्रांना जागतिक ओळख दिली ती युनिसेफने. दुसऱ्या महायुद्धानंतर मिळालेल्या मदतीबद्दल आभार म्हणून चेकोस्लोव्हाकियातील यित्का साम्कोवा या सात वर्षांच्या मुलीने चित्र पाठवले. १९४९ मध्ये ते कार्डावर छापले गेले आणि तिथून युनिसेफच्या कार्डांची परंपरा सुरू झाली.

ब्रिटनमध्ये ते एवढे का रुजले?

कारण तिथे वैद्यकीय संशोधनाचा मोठा भार लोकवर्गणीवर आहे. ब्रिटिश हार्ट फाउंडेशन १९६१ मध्ये स्थापन झाले. दोन जुन्या संस्था एकत्र येऊन २००२ मध्ये ‘कॅन्सर रिसर्च यूके’ झाली. आज तिचा संशोधनावरचा वार्षिक खर्च ४० कोटी पौंडांच्या वर आहे. अशा संस्थांची ‘असोसिएशन ऑफ मेडिकल रिसर्च चॅरिटीज’ ही १९८७ पासूनची संघटना आहे आणि तिच्या सदस्य संस्था मिळून दरवर्षी एक अब्ज पौंडांहून अधिक रक्कम संशोधनाला देतात. सदस्यत्वाची एक अट महत्त्वाची आहे. कोणत्या प्रकल्पाला पैसे द्यायचे, हे त्या विषयातल्या स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे लागते. म्हणजे देणगीदाराला ज्ञान नसले तरी त्याचा पैसा तज्ज्ञांच्या चाळणीतून जातो.

कार्डविक्रीसाठीही या संस्थांनी एकत्र येण्याचा मार्ग काढला. १९५९ मध्ये काही संस्थांचा गट जमला आणि त्यातून पुढे ‘कार्ड्स फॉर गुड कॉजेस’ हा उपक्रम उभा राहिला. चर्च, ग्रंथालय, गावातले सभागृह अशा ठिकाणी नाताळपुरती दुकाने थाटायची आणि तिथे अनेक संस्थांची कार्डे एकत्र विकायची, ही त्याची पद्धत. गल्ल्यावर बसणारे बहुतेक लोक स्वयंसेवक. निवृत्त शिक्षिका, परिचारिका, एखाद्या आजाराने जोडीदार गमावलेले ज्येष्ठ. कार्डांचा हा व्यवहार अशा माणसांच्या वेळेवर उभा राहिला, हे हिशेब मांडताना विसरता येत नाही.

पाच पौंडांचा हिशेब काय सांगतो?

समजा, एखाद्या मोठ्या दुकानातून दहा कार्डांचा संच पाच पौंडांना घेतला आणि त्यावर ‘किमतीच्या दहा टक्के रक्कम संस्थेला’ असे लिहिले आहे. संस्थेला मिळाले ५० पेन्स. ब्रिटनमध्ये शुभेच्छापत्रांवर २० टक्के मूल्यवर्धित कर लागतो. पाच पौंडांत त्याचा वाटा सुमारे ८३ पेन्स होतो. म्हणजे संशोधनाला मिळाले त्याहून जास्त सरकारी तिजोरीत गेले. बाकीचे कागद, छपाई, वाहतूक, दुकानाचे भाडे आणि नफा यांत वाटले गेले.

आता तेच पाच पौंड थेट देणगी म्हणून दिले तर? देणारा ब्रिटनमध्ये प्राप्तिकर भरणारा असेल, तर ‘गिफ्ट एड’ योजनेखाली संस्थेला प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स सरकारकडून परत मागता येतात. पाचाचे सव्वासहा पौंड होतात. कार्डखरेदीला ही सवलत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने ती देणगी नसून वस्तूची खरेदी आहे. एकीकडे ५० पेन्स, दुसरीकडे सव्वासहा पौंड. फरक साडेबारा पटींचा आहे.

संस्थेच्या स्वतःच्या दुकानातून किंवा संकेतस्थळावरून तेच कार्ड घेतले, तर चित्र बरेच बदलते. कर आणि छपाईचा खर्च तिथेही असतो, पण उरलेला नफा संस्थेकडेच जातो. त्यामुळे ‘धर्मादाय कार्ड’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळे व्यवहार चालतात. एकात संस्था विक्रेती असते. दुसऱ्यात दुकानदार विक्रेता असतो आणि संस्थेचे बोधचिन्ह त्याच्या मालाला प्रतिष्ठा मिळवून देते.

कायदा ग्राहकाला काय देतो?

माहिती देतो. किमान टक्केवारी ठरवून देत नाही. ब्रिटनमधील १९९२ च्या धर्मादाय कायद्यानुसार आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्यांनुसार संस्थेच्या नावाने माल विकणाऱ्या व्यापाऱ्याला संस्थेला किती रक्कम मिळणार, हे सांगावे लागते. ‘विक्रीतील काही भाग’ असे मोघम लिहून भागत नाही. म्हणूनच कार्डाच्या संचामागे बारीक अक्षरांत टक्केवारी किंवा पेन्समधली रक्कम छापलेली असते.

पण ती वाचणार कोण? ‘चॅरिटीज अ‍ॅडव्हायझरी ट्रस्ट’ या संस्थेने यावर खोचक उपाय शोधला होता. सर्वांत कमी वाटा देणाऱ्या कार्डविक्रेत्याला तिने ‘स्क्रूज पुरस्कार’ जाहीर करायला सुरुवात केली. महागडी कार्डे विकणारी नामांकित दुकानेही त्या यादीत झळकली आणि वर्तमानपत्रांनी ती आनंदाने छापली. लाज वाटली की टक्का वाढतो, हा साधा नियम इथेही लागू पडला. तरीही अत्यल्प वाटा देणे बेकायदा ठरत नाही. तो छापलेला असला की कायद्याचे समाधान होते. हा कायद्यातला दोष म्हणावा लागेल. संस्थांनीच ठरावीक टक्क्यांखाली आपले नाव वापरू द्यायचे नाही असे एकत्रितपणे ठरवले, तर नव्या कायद्याची गरजही उरणार नाही. मात्र ‘थोडे तरी मिळते आहे’ या विचाराने एखादी संस्था गप्प बसते आणि तिचे बोधचिन्ह स्वस्तात जाते.

आणखी एक गोष्ट पाहायला हवी. आजाराचे नाव असलेली प्रत्येक संस्था संशोधनच करते असे नाही. ‘मॅकमिलन कॅन्सर सपोर्ट’चा मुख्य भर रुग्णांच्या आधारावर आणि सेवेवर आहे, ‘कॅन्सर रिसर्च यूके’चा संशोधनावर. दोन्ही कामे मोलाची आहेत. पण संशोधनाला मदत करायच्या हेतूने कार्ड घेणाऱ्याला आपले पैसे कशासाठी जातात, हे कळायला हवे.

मग कार्ड घेण्यात अर्थच नाही का?

आहे, आणि तो केवळ पेन्समध्ये मोजता येत नाही. मोठे देणगीदार आणि सरकारी अनुदाने बहुधा ठरलेल्या कामासाठी बांधलेली असतात. कार्डांसारख्या विक्रीतून येणारा नफा सर्वसाधारणपणे मुक्त निधी असतो. एखाद्या तरुण संशोधकाची नवी, अजून सिद्ध न झालेली कल्पना तपासायला किंवा दोन अनुदानांमधली फट भरून काढायला असाच पैसा उपयोगी पडतो. मोटर न्यूरॉनसारख्या, रुग्णसंख्या कमी असलेल्या आजारांत औषध कंपन्यांना बाजारपेठ छोटी वाटते. तिथे रुग्णांचे नातेवाईक, त्यांचे शेजारी आणि त्यांनी विकत घेतलेल्या छोट्या-मोठ्या वस्तू यांवर संस्था तग धरतात.

दुसरा उपयोग प्रसाराचा. दहा कार्डे दहा घरांत जातात, शेकोटीवरच्या फळीवर दोन-तीन आठवडे उभी राहतात. मागचे नाव वाचून कुणी तरी चौकशी करतो, कुणी महिन्याची देणगी सुरू करतो, कुणी मृत्युपत्रात संस्थेचे नाव घालतो. ही शेवटची गोष्ट लहान नाही. ‘कॅन्सर रिसर्च यूके’च्या उत्पन्नाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग लोकांच्या मृत्युपत्रांतून येतो. संस्थेशी ओळख होते ती मात्र अनेकदा कार्ड, दुकान, धावण्याची शर्यत अशा किरकोळ निमित्तांतून.

या किरकोळ उत्पन्नाला संकटात किती महत्त्व येते, हे करोनाकाळाने दाखवले. दुकाने बंद, कार्यक्रम रद्द. २०२० मध्ये ‘कॅन्सर रिसर्च यूके’ला संशोधननिधीत ४ कोटी ४० लाख पौंडांची कपात जाहीर करावी लागली. लोकांच्या खिशातल्या सुट्ट्या पैशांवर चाललेले विज्ञान असे एका टाळेबंदीत अडखळते. संशोधनासाठी सरकारने पुरेसा आणि स्थिर निधी दिलाच पाहिजे, याची ही आठवण होती. कार्ड हा त्या जबाबदारीला पर्याय नाही.

लोकवर्गणीतून खरेच औषध निघते का?

निघते, आणि ते भारतातल्या रुग्णापर्यंतही येते. मेंदूच्या एका आक्रमक कर्करोगावर जगभर वापरले जाणारे टेमोझोलोमाइड हे औषध बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन विद्यापीठात माल्कम स्टीव्हन्स यांच्या गटाने तयार केले. त्यामागे ‘कॅन्सर रिसर्च कॅम्पेन’ या धर्मादाय संस्थेचा पैसा होता. प्रोस्टेटच्या कर्करोगावरील अबिराटेरॉन लंडनच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्च’मध्ये शोधले गेले. स्तनाच्या आणि बीजांडाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारे बीआरसीए-२ हे जनुक १९९५ मध्ये ओळखले गेले तेही याच संस्थेतल्या गटाकडून. या दोन औषधांच्या स्वस्त जेनेरिक आवृत्त्या आज भारतीय कंपन्या बनवतात. इंग्लंडच्या गावोगावच्या वर्गणीशी पुण्या-नागपूरच्या रुग्णाचा संबंध जुळतो तो असा.

अमेरिकेतले उदाहरण तर शाळेतल्या मुलांनाही समजेल असे आहे. १९३८ मध्ये पोलिओविरुद्ध ‘मार्च ऑफ डाइम्स’ मोहीम सुरू झाली. लोकांनी दहा-दहा सेंटची नाणी टपालाने थेट व्हाइट हाउसला धाडली. याच निधीतून जोनास साल्क यांच्या लशीचे काम झाले. १९५४ च्या चाचणीत सुमारे १८ लाख मुले सामील झाली आणि १९५५ मध्ये लस प्रभावी असल्याचे जाहीर झाले. थेंबे थेंबे तळे साचते हे खरे, फक्त थेंब वाटेत गळता कामा नये.

मुंबईचाही या इतिहासात वाटा आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे १९३१ मध्ये वेल्समध्ये ल्युकेमियाने निधन झाले. १९३२ मध्ये दोराबजींनी त्यांच्या स्मरणार्थ ‘लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट’ स्थापन केला आणि त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग कोणत्याही देशात चाललेल्या ल्युकेमिया संशोधनासाठी राखला. रक्ताच्या कर्करोगाबद्दल फारसे काही हाती नसलेल्या काळात मुंबईचा पैसा युरोपातल्या शास्त्रज्ञांपर्यंत जात होता.

टपालाने समीकरण कसे बदलले?

ब्रिटनमध्ये एप्रिल २०१२ मध्ये दुसऱ्या श्रेणीचे तिकीट ५० पेन्सला होते. एप्रिल २०२५ मध्ये ते ८७ पेन्सवर आणि पहिल्या श्रेणीचे एक पौंड ७० पेन्सवर गेले. त्या दराने दहा कार्डे सर्वांत स्वस्त तिकिटाने पाठवायची तरी आठ पौंड ७० पेन्स लागत. कार्डांच्या किमतीपेक्षा तिकिटे महाग. पूर्वी कार्ड धाडणे हा स्वस्तातला स्नेह होता, आता तो विचार करून करायचा खर्च झाला आहे. २००४-०५ मध्ये वर्षाला सुमारे २० अब्ज पत्रे हाताळणाऱ्या रॉयल मेलकडे आता त्याच्या निम्मीही येत नाहीत. ज्या डेन्मार्कमध्ये नाताळचे धर्मादाय तिकीट जन्मले, तिथल्या सरकारी टपालसेवेने २०२५ च्या अखेरीस पत्रे पोहोचवणेच बंद केले.

त्यामुळे ‘यंदा कार्डे पाठवणार नाही, तेवढे पैसे संस्थेला देतो’ असे सांगणारे वाढत आहेत. हिशेबाने हे उत्तमच. मात्र यात एक धोका आहे. कार्डे थांबतात आणि देणगीही राहून जाते. ग्रुपवर एक फॉरवर्ड केलेले चित्र पाठवले की सण साजरा झाला, असे वाटते. असे झाले तर टपालाचे जेवढे नुकसान, त्याहून अधिक संशोधनाचे.

महाराष्ट्रातल्या वाचकाने यातून काय घ्यावे?

मुंबईत १९७९ मध्ये रिपन कपूर यांनी सुरू केलेल्या ‘क्राय’ची कार्डे एके काळी दिवाळी-नववर्षाला मराठी घरांतही येत. तोंडाने वा पायाने चित्रे काढणाऱ्या कलावंतांची कार्डेही अनेकांनी घेतली. त्या कलावंतांची संघटना स्वतःला धर्मादाय म्हणवत नाही, चित्रांचे मोल मागते, हा फरक लक्षात घेण्याजोगा. आज मॉलमध्ये, ऑनलाइन दुकानांत ‘या खरेदीतून एक रुपया अमुक कामासाठी’ अशा पाट्या सर्रास दिसतात. कार्ड गेले, पण व्यवहाराचा साचा तोच आहे आणि प्रश्नही तेच विचारायला हवेत. रक्कम नेमकी किती, कोणत्या नोंदणीकृत संस्थेला, कोणत्या कामासाठी?

भारतातही वस्तूची खरेदी ही देणगी ठरत नाही. तिच्यावर प्राप्तिकरातली सवलत मिळत नाही. पात्र संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर जुन्या करप्रणालीत ती मिळू शकते, तीही ठरावीक मर्यादेपलीकडे रोख न देता दिली तरच. रुग्णालयाला, उपचाराला मदत करण्याची आपली परंपरा मोठी आहे. आजारी माणूस समोर दिसतो, संशोधन दिसत नाही. देशाचा संशोधन-विकासावरचा एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्क्यांवर अडकलेला असताना, उपचाराच्या देणगीतला छोटा वाटा संशोधनाकडे वळवण्याची सवय लागली तर ती हवीच आहे.

नाताळचे कार्ड घेणाऱ्यासाठी, मग तो लंडनमधला मराठी कुटुंबप्रमुख असो की तिथला जुना रहिवासी, नियम सोपे आहेत. कार्ड आवडले तर ते शक्यतो संस्थेच्याच दुकानातून घ्यावे. संच उलटून टक्केवारी वाचावी आणि ती नगण्य असेल तर तो परत ठेवावा. चमकी लावलेली कार्डे टाळावीत, कारण त्यांचा कागद पुन्हा वापरात येणे कठीण असते. यादी छोटी करावी आणि वाचलेल्या तिकिटांचे पैसे त्याच दिवशी संस्थेला पाठवावेत. ‘नंतर देऊ’ म्हटले की ते राहते.

कार्ड हे माणसांसाठी आहे. दूरच्या मावशीला, एकट्या राहणाऱ्या शेजाऱ्याला ते मिळाले पाहिजे, आणि तेवढ्यासाठी त्याची किंमत रास्त आहे. संशोधनासाठीचा पैसा मात्र वेगळा काढावा. दोन्ही कामे एकाच पाच पौंडांत उरकली, असे समजणाऱ्याच्या हातून दुसरे काम बहुतेक वेळा दहा टक्केच झालेले असते.